1 मेच्या पौर्णिमेला चंद्र वृश्चिकेत का तुळेत? अन् त्या रात्री खरंच काही करावं का?

परभणीची_पोर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा येडपट वाटंल पण विचारते. गेल्या काही दिवसापासून माझ्या मोबाईलवर नुसत्या पौर्णिमेच्याच रील यायल्यात. उन्हाळा सुरू होतानाची फुल मून आहे, स्कॉर्पिओमध्ये आहे, लई पॉवरफुल आहे, जुनं सगळं मनातनं सोडून द्या, कागदावर लिहून जाळा, काचेच्या बरणीत पाणी भरून चांदण्यात ठेवा अन् सकाळी मून वॉटर म्हणून प्या, असलं सगळं. त्यातली एकजण म्हणली आता कुठं ऊन पडायलंय, मस्त बाहेर फिरा. मी म्हणलं बाई एकदा परभणीला ये, आमची सुरुवात शिमग्यालाच झाली, आता वैशाख वणवा चालूय.

मग घरातलं कॅलेंडर काढून बघितलं तर 1 मेला वैशाख पौर्णिमा, बुद्ध पौर्णिमा, अन् चंद्र तूळ राशीला. रील म्हणायली वृश्चिक. माझी रासच वृश्चिक आहे म्हणून जीव अडकलाय, नाहीतर लक्ष दिलं नसतं. वरून एका ऑनलाइन गुरुजीनं मेसेज टाकलाय की तुमची साडेसाती चालूय, पौर्णिमेला 1100 रुपयात शांती करून देतो.

खरं सांगू का, मी थकलेय. पतसंस्थेत कामाला आहे, मार्च एंडिंगनं जीव घेतला, ते संपलं तर लगीनसराई. यंदा 17 मेला अधिक महिना लागायलाय म्हणून सगळ्यांनी लग्नं त्याच्या आतच बसवलीत, एका दिवसात दोन दोन ठिकाणी अक्षता टाकायला पळावं लागायलंय, तेही दुपारी साडेबाराच्या मुहूर्तावर पत्र्याच्या मंडपात. रात्री दोन वाजेपर्यंत पंख्याकडं बघत पडते, सकाळी सगळी चिडचिड लेकरावर निघती. 1 मे शुक्रवार आहे, सुट्टी आहे. म्हणलं एक संध्याकाळ आपली आपल्याला काढावी. तर जाणकारांनी सांगावं, रास कुठली धरायची, ह्या पौर्णिमेचं खरं किती अन् करायचंच तर आपल्याला इथं जमंल असं काय करू. सासूबाई सत्यनारायण घालू म्हणायल्यात ते अजून वेगळंच.

पंचांगवाला_लातूर

ताई, रील पण बरोबर अन् कॅलेंडर पण बरोबर, मोजायला कुठून सुरू करायचं त्यात फरक आहे. तिकडचे, म्हणजे पाश्चात्य लोक सायन धरतात, म्हणजे वसंत संपातापासून (मार्चमध्ये दिवसरात्र सारखी होते तेव्हा सूर्य असतो ती जागा) राशी मोजतात. आपली दाते, कालनिर्णय सगळी निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या हिशोबानं. संपात साधारण 72 वर्षाला एक अंश मागं सरकतो, तसा सरकत सरकत आज दोन्हीत 24 अंशाच्या आसपास फरक पडलाय. रास 30 अंशाची, त्यामुळं बहुतेक वेळा एका राशीचा घोळ होतोच.

घरबसल्या ताळा करायचा असला तर चंद्राचं सोडा, सूर्य बघा. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे सातव्या राशीत असतो. 14 एप्रिलला सूर्य मेषेत आला, मेच्या मध्यापर्यंत तिथंच. मेषेपासून सातवी मोजा, तूळ येती. नक्षत्र स्वाती आहे. महिन्याचं नाव विशाखेवरून पडलंय तरी एखादं नक्षत्र मागंपुढं चालतंच. पौर्णिमा 30 तारखेला रात्री नऊच्या नंतर लागते अन् 1 तारखेला रात्री अकराच्या आत संपते, म्हणून शुक्रवारचीच संध्याकाळ धरा.

आता तुमचं. साडेसाती वृश्चिकेला नाहीच. शनी मीनेत आहे, साडेसाती कुंभ, मीन अन् मेष ह्या तिघांना. त्या गुरुजीला एवढंच विचारा, शनी कुठाय म्हणून, उत्तर आलं तर मला कळवा.

वृश्चिकेला तुळेचा चंद्र बारावा. बारावं म्हणलं की लोक घाबरतात कारण ते व्ययस्थान, म्हणजे खर्चाचं घर. पण खर्च, झोप, अंथरूण, एकांत हे सगळं त्याच घरातलं. तुम्ही लिहिलंय काय? झोप नाही, पैसा अन् ताकद लग्नात चाललीय, एकटं बसायला मिळंना. मी ज्योतिष आवडीनं बघतो, भविष्य सांगत नाही, पण मला हे असं वापरायला आवडतं, कुठल्या घराकडं बघायचं तेवढं ते दाखवतं, बघायचं आपणच. तूळ म्हणजे देणंघेणं, शुक्राची रास. कागद जाळण्यापेक्षा वहीत दोन रकाने पाडा, पतसंस्थेत आहात, जमा नावे तुम्हाला मी काय शिकवणार. नावे बाजूला, म्हणजे आपल्याकडून गेलेलं, गेल्या महिन्याभरात नको असताना कुठं कुठं हो म्हणलात ते लिहा, माणसाच्या नावासकट. जमा बाजूला कुणी तुमच्यासाठी काय केलं ते. मी दरवर्षी चैत्र नाहीतर वैशाख पौर्णिमेला हे करतो, अन् गंमत अशी की नावे बाजूला तीच तीच दोन नावं येत राहतात. ती दोन नावं कळली की बास, पुढचं काम अमावास्येला करा नाहीतर सोमवारी, ग्रह आडवे येत नाहीत.

अन् तुम्हाला वृश्चिकेचीच पौर्णिमा पाहिजे असंल तर महिनाभर थांबा. 31 मेला अधिक ज्येष्ठाची पौर्णिमा आहे, तेव्हा आपल्या पंचांगानं पण चंद्र वृश्चिकेत, तिथं तो नीचेचा, म्हणजे दुबळा मानतात. त्या दिवशी मात्र माहेरी जाऊन धोंडे खा.

उगीच_शंका

वरच्यांचं सायन निरयनचं स्पष्टीकरण एक नंबर. पण मग माझा साधा प्रश्न, एकाच वेळेला एकच चंद्र एका हिशोबानं तूळ अन् दुसऱ्या हिशोबानं वृश्चिक, अन् दोन्हीकडचे लोक म्हणतात आमचं तंतोतंत जुळतं. मग जुळतंय ते राशीमुळं का वाचणाऱ्यामुळं?

2008 साली पुण्यात जयंत नारळीकरांनी दाभोलकर वगैरे मंडळींना घेऊन चाचणी केली होती. हुशार मुलांच्या अन् गतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून ज्योतिषांना दिल्या, कुठली कुणाची ओळखा म्हणून. 27 जणांनी प्रत्येकी 40 पत्रिका बघून उत्तरं पाठवली, सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी 50 आले असते.

अन् शरीरात पाणी जास्त म्हणून चंद्र आपल्याला ओढतो असं लोक म्हणतात, ते पण सोडा. समुद्राला भरती येती कारण समुद्र हजारो किलोमीटर पसरलाय, आपण साडेपाच फूट. शिवाय उधाण अमावास्येला पण पौर्णिमेइतकंच असतं, मग अमावास्येला कुणी मून वॉटर का नाही पीत?

झोपेचं मात्र एकदम उडवून लावत नाही. 2013 ला स्वित्झर्लंडच्या बासेलमध्ये 33 लोकांना प्रयोगशाळेत झोपवून बघितलं तर पौर्णिमेच्या आसपास झोप साधारण 20 मिनिटं कमी भरली, गाढ झोप पण कमी. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या लोकांनी जास्त माणसं घेऊन बघितलं तर तसं काही सापडलं नाही. 2021 ला अर्जेंटिनात वीज नसलेल्या वस्त्यांत बघितलं तर पौर्णिमेच्या आधीच्या रात्री लोक उशिरा झोपत होते. वाद चालू आहे. पण ताई, दोन वाजेपर्यंत जाग ह्याला चंद्र नाही, स्लॅबचं घर कारण आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री एकपर्यंत खाली झळ मारतो.

मानवतची_मावशी

अगं माय, कागद जाळायचा म्हणं! गच्चीवर! बाई हे दिवस कोणते, वारं कसलं सुटायलंय संध्याकाळी, शेजारच्याची कडब्याची गंजी असली अन् एक ठिणगी गेली तर सगळ्या गावाचं सोडून द्यावं लागंल. आमच्या भावकीत मागं गंजी पेटली होती, बैलं सोडायला पण माणूस पोचला नाही वेळेवर. राग कागदावर लिहायचा असला तर लिही अन् पाण्यात बुडव, नाहीतर चुलीत घाल. पंचांगवाले दादा म्हणतात नक्षत्र स्वाती, अरे स्वातीचा देव वायू, तुम्हीच सांगा तिला की जाळू नको म्हणून.

अन् मून वॉटरचं म्हणशील तर कोजागिरीला आपण दूध ठेवतोच की चांदण्यात, त्यात नवं काही नाही. पण नळ आठ दिवसाला एकदा येतो तिथं बरणीभर पाणी रात्रभर उघडं ठेवून मांजराला पाजायचं का. त्यापरीस रांजण घास, तळाशी वाळ्याची जुडी टाक, वरून ओलं गोणपाट गुंडाळ अन् ते पाणी पी, चांदणं लागो न लागो.

आम्ही लहान होतो तेव्हा माळवदावर झोपायचो सगळे. दिवस मावळला की आजी माळवदावर पाण्याचा सडा मारायची, मातीचा वास सुटायचा, मग एक तासानं वाकळा टाकायच्या. पौर्णिमेला तर निजायचं नावच नाही, बाया तिथंच बसून शेवया नाहीतर कुरडयाच्या गप्पा, कुणाची लेक नांदायली, कुणाची माघारी आली. मनातलं सगळं तिथं निघायचं, लिहायची गरज नव्हती कुणाला. आता सगळ्यांनी स्लॅब टाकले अन् गच्चीला कुलूप. तू गच्चीवर जा. सासूला पण ने. म्हाताऱ्या बाईला पण कुणी गच्चीवर नेत नाही.

सत्यनारायण घालायचाय तर घाला, पण साठ माणसाचा स्वयंपाक तुझ्याच गळ्यात यायला नको. शिरा अन् ताक, संपलं. सांग सासूला, माझं नाव सांग.

पिंपळपान

ताई, सगळ्यांनी राशी सांगितल्या, कुणी मूळ दिवसाबद्दल बोलेना म्हणून लिहितो. वैशाख पौर्णिमा म्हणजे आमच्यासाठी वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. लुंबिनीत जन्म, बोधगयेला ज्ञानप्राप्ती, कुशीनगरला महापरिनिर्वाण, तिन्ही ह्याच पौर्णिमेला झालं असं मानतात. इकडं संभाजीनगरला विद्यापीठाच्या मागं बुद्ध लेणीला सकाळपासून गर्दी असती, पांढरे कपडे घालून लोक डोंगर चढतात, ऊन व्हायच्या आत वंदना करून खाली येतात. विहारात त्रिशरण पंचशील, दुपारून खीर. सुजातेनं खीर दिली म्हणून खीर. माझी आई त्या दिवशी अष्टशील धरती, म्हणजे दुपारी बारानंतर जेवण नाही, पण पाणी भरपूर, तिथं काही कडक नाही.

सेल्फ केअर म्हणून विचारलंत तर आमच्याकडं आनापान शिकवतात, श्वास आत आला बाहेर गेला तेवढंच बघायचं. मनात राग आला तर राग आला म्हणायचं, सोडायचा म्हणून पण धडपड नाही. मला रीलवाल्यांचं तेच पटत नाही, एका रात्रीत सगळं सोडून द्या म्हणतात. सिद्धार्थाला सहा वर्षं लागली अन् त्यातली बरीच उपाशी राहून अंग वाळवण्यात गेली, शेवटी तो मार्ग सोडून खीर खाल्ली तेव्हा पुढं सरकलं. तुम्ही पण आधी जेवा नीट. परभणीत जवळच्या विहारात गेलात तर कुणी जातपात विचारणार नाही, मागं बसा अर्धा तास.

उगीच_शंका

पिंपळपान, खिरीचं लई आवडलं. नोंद घेतली.

सिस्टर_नांदेड

मी स्टाफ नर्स आहे, ज्योतिषातलं कळत नाही, पण उपवासाचं सांगते कारण दरवर्षी ह्या दिवसात वॉर्डात बघते. बाया पौर्णिमेचा उपवास करतात, सकाळपासून दोन कप चहा अन् साबुदाणा, बीपीची गोळी उपाशीपोटी नाहीतर घेतच नाहीत, अन् दुपारी बारा ते चार लग्नाच्या मंडपात. मग चक्कर, उलटी, थेट सलाईन. शुगरची गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय उपवासच करू नये ह्या उन्हात. करायचाच तर पाणी सोडू नका. घरचं ओआरएस सोपं आहे, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, मीठ जास्त नको. पन्हं, ताक, आंबील सगळं चालतं. थंडगार कोल्ड्रिंकनं तहान भागत नाही.

माणूस असंबद्ध बोलायला लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, तर लिंबू हुंगवत बसू नका. सावलीत घ्या, ओल्या कपड्यानं अंग पुसत राहा, वारा घाला, 108 ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

आता तुमचं, ताई. झोप नाही अन् लेकरावर चिडचिड हे बरेच दिवस चाललं असंल तर पौर्णिमेची वाट बघू नका, हिमोग्लोबिन अन् थायरॉईड एकदा बघून घ्या, आपल्याकडच्या बायकांत रक्त कमी असणं फार. रात्री नऊनंतर चहा बंद, लग्नातला फुकटचा पण. झोपायच्या आधी गार पाण्यानं हातपाय धुवा, ओला सुती पंचा पोटऱ्यांवर टाका. अन् मन लईच जड वाटायला लागलं तर 14416 हा सरकारचा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. हे मी तुम्हाला काही झालंय म्हणून सांगत नाही, नंबर माहीत असावा म्हणून.

पाणवठा

कुणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण माझी बुद्ध पौर्णिमा जंगलात असते. उन्हाळ्यात बाकीचं पाणी आटतं, जनावरं उरलेल्या पाणवठ्यावरच येतात, अन् पौर्णिमेला उजेड असतो, म्हणून वन विभाग ह्याच रात्री मचाण बांधून मोजणी करतो. काही ठिकाणी हौशी लोकांना पण बसू देतात. मी गौताळा अभयारण्यात बसलेलो आहे. नियम असा, बोलायचं नाही, मोबाईल बंद, अत्तर नाही, विडी नाही, झोप लागली तरी घोरायचं नाही. पहिले दोन तास जीव नकोसा होतो, हात सारखा खिशाकडं जातो. मग रानडुकरांचा कळप येतो, चिखलात लोळतो, नीलगाय येऊन अर्धा तास नुसती उभी राहती, पाणी पिईना अन् जाईना. सायाळ दिसली तर काट्यांचा खळखळ आवाज आधी येतो. कुठल्या राशीत चंद्र आहे हे त्या रात्री आठवत पण नाही.

मचाण सगळ्यांना जमत नाही, पण मोबाईल खाली ठेवून गच्चीवर जायला काय लागतंय. पूर्वेकडं तोंड करून बसा. पावणेसातच्या आसपास इकडं दिवस मावळायला अन् तिकडं चंद्र वर यायला. अंधार पडला की चंद्राच्या वरच्या अंगाला चित्रा दिसंल, पांढरी, अन् डावीकडं उंचावर नारिंगी झाक असलेली तेजस्वी ती स्वाती. ती आपल्या मराठवाड्याच्या जवळजवळ डोक्यावरून जाते, मध्यरात्रीच्या सुमाराला मान वर केली की तीच. चंद्र मात्र दक्षिणेकडं कललेलाच राहील, उन्हाळ्यातली पौर्णिमा आकाशात खालूनच जाते, सूर्य वरून जातो म्हणून. लेकराला दाखवा, त्याला कळतं.

परभणीची_पोर

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. गुरुजीला विचारलं शनी कुठाय म्हणून, ब्लॉक केलं त्यानं मला 😄

सासूबाईंना मावशीचं वाचून दाखवलं. सत्यनारायण आता निज ज्येष्ठात, वटपौर्णिमेच्या आसपास बघू म्हणल्या, तवर पाऊस पण आला असंल. अन् गच्चीचं म्हणलं तर लगेच तयार, पायऱ्या चढवंतील का ते बघते, नाहीतर अंगणात बाज टाकते. त्या तुळजापूरची पौर्णिमा धरतात त्यामुळं एक वेळचं खाणार, सिस्टर म्हणल्या तसं बीपीची गोळी अन् आंबील देणार.

जमा नावे आत्ताच करून बघितलं, धीर धरवला नाही. नावे बाजूला दोन नावं आली दादा, खरंच दोनच. त्यातलं एक आमच्या ऑफिसातलं, सुट्टीच्या दिवशी पण वसुलीच्या याद्या व्हॉट्सॲपवर टाकतं. दुसरं नाव इथं लिहित नाही, घरातलं आहे अन् फोन बघतं. जमा बाजूला सासूबाईंचं नाव तीनदा आलं, हे मात्र मला पण नवीन होतं. शुक्रवारी संध्याकाळी सात ते नऊ फोन कपाटात. मावशी, आंबील रातच्याला भिजवायची का सकाळी?

मानवतची_मावशी

रातच्याला गं. ज्वारीचं पीठ ताकात सैलसर कालवून मातीच्या नाहीतर स्टीलच्या भांड्यात झाकून ठेव, ह्या उन्हात सकाळपर्यंत मस्त आंबतं. पाणी उकळलं की त्यात ते सोड अन् हलवत राहा, हात थांबला की गुठळ्या. गार झाल्यावर वरून ताक, मीठ, जिरं, लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून. सासूचा उपवास असला तर लसूण टाकू नको अन् ज्वारी चालती का विचार आधी, कुणाकुणाला चालत नाही. कच्चा कांदा तू खा.

गेवराईकर_91

उशिरा आलो. छान धागा. माझी रास मेष आहे, वर लिहिलंय मेषेला साडेसाती, मग मी काय करू? मला पण तोच 1100 वाला मेसेज आलाय.

पंचांगवाला_लातूर

मेषेला आहे, पहिली अडीचकी, म्हणजे साडेसातीतली पहिली अडीच वर्षं चालूय. अकराशे रुपये देऊ नका, त्यात घरावर हिरवी जाळी येते पावसापर्यंतची.